घरात मराठी, दारात तमिळ

साडेतीनशे वर्षांपूर्वी कावेरीकाठी गेलेल्या मराठी घरांनी आपला वारसा कसा सांभाळला, आणि त्यांच्या नातवंडांना तो आता कसा सापडतो आहे?

तंजावरच्या एखाद्या मराठी घरी पाहुणे म्हणून गेलात, तर तुम्ही बसता न बसता तोच घरातली आजी नातीला हाक मारून सांगेल, ‘‘पाहुणे आलेत, उदिक आण बघू.’’ क्षणभर तुम्ही गोंधळाल. उदिक म्हणजे उदक, पाणी. आपल्याकडे हा शब्द आता गुरुजींच्या तोंडी, तोही पळीभर पाणी सोडण्यापुरता उरला आहे. तिथे मात्र माठातलं आणि फ्रिजमधलं, दोन्ही उदिकच! पुढे गप्पा रंगल्या, की एखादी साडी, एखादी भाजी, शेजारची नवी सून, असं काय काय ‘चोखट’ निघतं. चोखट म्हणजे चांगलं, छान. आपल्याला हा शब्द भेटला असेल तर ज्ञानेश्वरीत, नाहीतर कॉलेजात मराठी घेतलं असेल तर तेव्हाच्या टिपांच्या वहीत.

नात पाणी आणून देते, आजीला मराठीत काहीतरी उत्तर देते आणि दारात मैत्रीण आली की तमिळमध्ये बडबडत निघून जाते. पायात चप्पल सरकवावी इतक्या सहजपणे ती उंबरठ्यावर भाषा बदलते.

अशी घरं तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडी या भागात आहेत. देशस्थ ब्राह्मणांची आहेत, मराठ्यांची आहेत, भावसार आणि नामदेव शिंपी समाजाचीही आहेत. नोकरीधंद्यापायी त्यांतली कितीतरी चेन्नई-बंगळूरला गेली, काही थेट अमेरिकेला पोहोचली. महाराष्ट्रातून निघून त्यांना आता साडेतीनशे वर्षं होत आली. या काळात दहाबारा पिढ्या होऊन गेल्या. एवढ्या काळात एखादी भाषा पार पुसली गेली असती तरी कोणाला नवल वाटलं नसतं. ती पुसली गेली नाही. पण नातवंडांच्या पिढीला ती हवी आहे का, हा प्रश्न मात्र या घरांत आज खराच पडलेला आहे.

कारण ही भाषा मिरवता येत नाही! शाळेत तमिळ आणि इंग्रजी. आडनाव लावायची तमिळनाडूत पद्धत नाही. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि पुढे आपलं नाव, की झालं. त्यामुळे पुष्कळ घरांची आडनावं व्यवहारातून गेली आणि मागे उरलं ते नुसतं ‘राव’. शेजारीपाजारी देशस्थांना ‘रायर’ म्हणून ओळखतात. गोत्र पाठ असतं, कुलदैवत ठाऊक असतं. मूळ गाव कोणतं, या प्रश्नाला मात्र अनेकदा ‘तिकडे महाराष्ट्रात’ एवढंच उत्तर मिळतं.

आणि हीच मुलगी शिकायला किंवा नोकरीला पुण्यामुंबईत आली, की काय होतं?

‘‘तुम्ही मद्रासी ना? मग मराठी कसं काय येतं?’’

‘‘आम्ही मराठीच आहोत, काकू.’’

‘‘अगंबाई! मग असं का बोलतेस?’’

कौतुक आणि टोमणा एकाच दमात. काकूंच्या मनात काही वाईट नसतं. पण घरी आजीशी बोलताना जी भाषा श्वासासारखी येत होती, ती इथे ‘अशी’ ठरते. असे दोनचार अनुभव आले की मुलगी चारचौघांत मराठी बोलायचं सोडते आणि इंग्रजीचा आधार घेते. तंजावरात ती रायर आणि पुण्यात मद्रासी. मग आजीच्या या उदिकाचं आणि चोखटाचं करायचं काय?

दोघा भावांची वाटणी

ही माणसं तिकडे गेली कशी, हे थोडं पाहायला हवं. शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ. विजापूरच्या आदिलशहाच्या चाकरीत असताना ते दक्षिणेत उतरले आणि १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. लगेच दुसऱ्या वर्षी, १६७७ मध्ये, महाराज दक्षिणेच्या स्वारीवर आले. वडिलांच्या दौलतीत आपलाही वाटा आहे, असं त्यांचं म्हणणं. कोल्लिडम नदीच्या काठी दोघा भावांची भेट झाली, बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी रातोरात निघून गेले. पुढे लढाईही झाली. अखेर समेट झाला तो व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणामुळे. महाराजांनी बंगळूरकडचा मुलूख या भावजयीला चोळीबांगडीसाठी म्हणून लावून दिला! व्यंकोजी पुढे खचून जाऊन उदास बसून राहिले, तेव्हा थोरल्या भावानं पत्र पाठवून त्यांना धीर दिला आणि कामाला लागायला सांगितलं. घराघरांतल्या वाटण्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्यात कान धरणारा थोरला भाऊ असतो, रुसलेला धाकटा असतो आणि मधे पडून सावरून घेणारी एखादी वहिनी असतेच.

व्यंकोजींच्या मागे त्यांचं घराणं १८५५ पर्यंत तंजावरात राहिलं. ही मंडळी नुसती राज्य करत बसली नाहीत. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४ ते १७१२) यांनी मराठीत नाटकं लिहिली. त्यांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे नाटक विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतल्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’आधी जवळजवळ दीडशे वर्षांचं. त्यांचं ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक तर तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत आणि हिंदी अशा पाच भाषांत बोलतं. म्हणजे घरात एक आणि दारात एक, ही तंजावरची सवय आजच्या नातींनी लावलेली नाही. ती राजवाड्यापासूनची आहे.

दत्तक मुलाची वंशावळ

तंजावरला गेलेला प्रत्येकजण बृहदीश्वराचं देऊळ पाहतो. राजराज चोळानं बांधलेलं, १०१० साली पूर्ण झालेलं, उंच शिखराचं हे देऊळ पाहताना मान दुखून येते. पण प्राकारात नैऋत्येकडे, गणपतीच्या देवळापाशी भिंतीवर काय कोरलं आहे, तिकडे फारसं कोणी थांबत नाही. तिथे ओळींमागून ओळी चक्क देवनागरीत आणि मराठीत आहेत. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांत याची गणना होते. ‘भोसले वंश चरित्र’ हे त्याचं नाव. १८०३ मध्ये दुसऱ्या सर्फोजीराजांच्या आज्ञेनं त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी तो रचला.

हा सर्फोजी कोण, हे कळलं म्हणजे त्या भिंतीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. तो जन्मानं राजपुत्र नव्हता. भोसले कुळाच्याच एका दूरच्या शाखेतला हा मुलगा. तुळजाजीराजांना वारस उरला नाही, म्हणून १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडंच आधी, त्यांनी त्याला दत्तक घेतलं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. राजे गेले आणि त्यांचे भाऊ अमरसिंह यांनी दत्तविधानच अशास्त्र आहे असा वाद उभा केला. पंडितांनीही तसाच कौल दिला आणि गादी अमरसिंहांना मिळाली. हा मुलगा राजवाड्यात जवळजवळ कैदेतच पडला. तुळजाजींनी त्याला श्वार्ट्झ नावाच्या मिशनरी पाद्र्याच्या ओटीत घातलं होतं. त्या पाद्र्यानं इंग्रजांकडे खटपट केली आणि १७९३ मध्ये मुलाला तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासला हलवलं. तिथे तो इंग्रजी शिकला, पाश्चात्त्य विद्या शिकला. पुढे दत्तविधानाचा पुन्हा निवाडा झाला, या खेपेला त्याच्या बाजूनं, आणि १७९८ मध्ये तो गादीवर आला. आणि वर्षभरातच, १७९९ च्या तहानं, राज्याचा सगळा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. राजाकडे राहिला तो किल्ला, तनखा आणि मान.

आता विचार करा. ‘हा आपल्या घराण्याचा नव्हेच’ असं ज्याच्याबद्दल भर दरबारात ठरवलं गेलं, जो पाद्र्याच्या हाताखाली वाढला, ज्याच्याकडे राज्यही उरलं नाही, त्या पंचविशीतल्या तरुणानं घराण्याचा सगळा इतिहास दगडात कोरून ठेवला. मालोजी, शहाजी, शिवाजीमहाराज, व्यंकोजी, आणि असं करत करत शेवटी स्वतःपर्यंत.

त्या लेखात चुका आहेत, इतिहासकारांनी त्या दाखवूनही दिल्या आहेत. पौराणिक वंशावळीही त्यात घुसल्या आहेत. चोळांच्या देवळावर भोसल्यांनी आपली बखर का कोरावी, असंही कोणाला वाटू शकेल. मला स्वतःला त्यात राजकारण दिसतंच. आपला हक्क शाबीत करण्याची संधी सर्फोजी सोडणार नव्हते. पण तेवढंच असतं तर इंग्रज साहेबाला वाचता येईल अशा भाषेत एक अर्ज पुरला असता. कंपनीच्या अधिकाऱ्यांना न कळणाऱ्या आणि देवळात येणाऱ्या तमिळ भाविकांनाही न वाचता येणाऱ्या भाषेत एवढा खटाटोप माणूस करतो, तेव्हा तो बहुधा घरच्यांशी बोलत असतो.

मात्र याच राजानं मराठी म्हणून तमिळला दूर ठेवलं नाही. तमिळ लोकनाट्यात ‘कुरवंजी’ नावाचा प्रकार असतो, त्यात भविष्य सांगणारी एक कुरवंजीण येते. सर्फोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ ही मराठी रचना आहे. त्यातली कुरवंजीण सांगते काय, तर जगाचा भूगोल! साचा तमिळ, भाषा मराठी आणि माहिती युरोपातल्या पुस्तकांतली. पुण्याच्या काकूंनी सर्फोजीराजांनाही विचारलंच असतं, असं का लिहिता म्हणून.

दरबार गेला, भाषा घरात आली

सर्फोजींचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले. मुलगा नव्हता. कंपनीनं राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या कोर्टात दावा लावला आणि तिथे जिंकल्या. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, हे सरकारचं राजकीय कृत्य आहे, कोर्टाला त्यात पडता येणार नाही, असा निकाल दिला. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही शिकतात. मालमत्ता पुढे राण्यांना परत मिळाली, पण ती सरकारची मेहेरबानी म्हणून.

गादी गेल्यावर मराठीचा कचेरीतला आधार गेला. मोडीत लिहिणाऱ्या कारकुनांची मुलं इंग्रजी शिकून मद्रास इलाख्याच्या नोकरीत शिरली. काही तर फार वर चढली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे तंजावरी मराठी. ते बडोद्याचे दिवाण असतानाच १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झालं. सासरी येताना त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक आले आणि भरतनाट्यमचं पाऊल गुजरातेत पडलं. सासर मराठी, माहेर मराठी, आणि नववधूच्या रुखवतात तमिळ नाच! हा तपशील मला फार आवडतो.

कागद मात्र मागेच राहिले. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखितं आहेत. त्यांत मराठीची तीन हजारांच्या घरात, आणि शिवाय मोडी कागदांचे आठशेहून अधिक रुमाल. भोसले घराण्यानं हे भांडार १९१८ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. या मोडी कागदांचा तमिळमध्ये उलगडा करून तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं ते १९८९ मध्ये छापले. म्हणजे तंजावरच्या मराठी मुलीला आपल्या खापरपणजोबांच्या काळचा एखादा हिशेब किंवा अर्ज वाचायचा असेल, तर तो तिला तमिळमध्येच सुखानं वाचता येतो. तिच्यासाठी हे काम तमिळ अभ्यासकांनी केलं, आपण महाराष्ट्रातल्यांनी नव्हे. याची आपल्याला थोडी लाज वाटायला हरकत नाही.

फोडणीच्या वासातून

भाषा घरात राहिली, आणि घरात म्हणजे मुख्यतः स्वयंपाकघरात. शाळा नाही, वर्तमानपत्र नाही, सिनेमा नाही. तरी ती पोरांच्या कानांवर पडत राहिली, कारण आजी आणि आई चुलीपाशी ती बोलत होत्या. पिठलं आहे, मेतकूट आहे, पुरणपोळी आहे. डांगर पच्चडी हा त्या घरांतला खास पदार्थ. आपल्याकडे देशावर उडदाच्या पिठाचं डांगर करतात ना, तेच ते. तिथे ते दह्यात कालवून वर फोडणी देतात आणि त्याला दक्षिणेतलं ‘पच्चडी’ हे नाव जोडतात. नावाचा अर्धा भाग इकडचा, अर्धा तिकडचा, आणि चव मात्र एकजीव.

देवाणघेवाण दुसऱ्या बाजूनंही झाली. पुरणाच्या पोळीला तमिळ घरांतही ‘पोळी’च म्हणतात. सांबाराचा शोध तंजावरच्या राजवाड्यात लागला आणि संभाजीराजांवरून त्याला नाव पडलं, ही गोष्ट तर तुम्ही ऐकलीच असेल. गोष्ट गोड आहे, पण तिला कागदाचा पुरावा नाही, तेव्हा ती गोष्ट म्हणूनच चाखावी.

देवांचंही तसंच. तंजावरजवळ पुन्नैनल्लूरला मारियम्मनचं मोठं जागृत देऊळ आहे. ते व्यंकोजींनी स्वप्नातल्या दृष्टान्तानंतर बांधलं, असं तिथे सांगतात. तुळजाभवानीची आठवण मनात ठेवून मारियम्मनला नवस बोलणारी ही घरं. बृहदीश्वरासकट ८८ देवळांचं वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडेच आहे. आणि आपल्या सज्जनगडावरच्या राममूर्ती? त्या तंजावरला घडवून आणल्या, असं समर्थ संप्रदायाची परंपरा सांगते. समर्थांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठ तंजावरातच होता.

कोणत्याही घराण्याचा वारसा म्हटलं की आपण तलवारी आणि सनदा शोधायला जातो. तंजावरच्या घरांत मात्र पुष्कळसा वारसा बायकांच्या हाती राहिला आणि म्हणूनच त्याची नोंद कुठे झाली नाही. शेजारची तमिळ मुलगी सून होऊन आली, तर सासूच्या हाताखाली डांगर शिकता शिकता तिला मराठीही शिकावी लागे. आता नवराबायको दोघंही चेन्नईत किंवा बंगळूरला नोकरी करतात, आपापसांत इंग्रजी बोलतात आणि सासू तंजावरात असते. दाराच्या आतलीच जी भाषा, तिला ते दारच उरलं नाही तर ती कुठे राहणार? अस्सल काळजी आहे ती ही.

परक्या तोंडून आपला अभंग

तरीही काही मुलं परत वळतात. कशामुळे? याचं उत्तर घराबाहेर सापडतं, हे मोठं गमतीचं.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातले कीर्तनकार तंजावरात येत. रामचंद्रबुवा मोरगावकर हे त्यांतलं गाजलेलं नाव. त्यांचं कीर्तन ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ती पद्धत तमिळमध्ये आणली आणि तिथल्या हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले प्रकार तमिळ हरिकथेत अजून म्हटले जातात, त्याच नावांनी. दक्षिणेतल्या भजनपद्धतीत तुकाराम-नामदेवांचे अभंग असतातच. आता तर कर्नाटक संगीताच्या मैफिलीत शेवटाकडे अभंग झाला नाही तर श्रोते हळहळतात. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचं भव्य मंदिर उभं आहे आणि तिथे टाळ वाजवणारे बहुसंख्य लोक घरी तमिळ बोलणारे आहेत.

घरात जी भाषा बोलायला संकोच वाटत होता, त्याच भाषेतला अभंग शेजारचे तमिळ मामा डोळे मिटून, टाळ्या वाजवत म्हणताहेत! त्यांना अर्थ नीट कळत नाही. मागच्या रांगेत बसलेल्या रायरांच्या नातीला तो कळतो. ‘विठ्ठल’ म्हणण्यापुरता नाही, सगळा कळतो. कोणी तिला शेजारून ‘याचा अर्थ काय गं?’ म्हणून तमिळमध्ये विचारतं आणि ती सांगते. आजीनं हे कधी शिकवलं नव्हतं, नुसती बोलत आली होती. घरी गेल्यावर त्या रात्री आजीला दोन प्रश्न जास्त विचारले जातात.

काहीजण मग महाराष्ट्रात येतात. पंढरपूर, तुळजापूर. काही कुलदैवताच्या गावाचा शोध घेतात. चेन्नईत १९१२ साली निघालेल्या महरट्टा एज्युकेशन फंडासारख्या संस्था पूर्वीपासून आपल्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावत आल्या आहेत. आता इंटरनेटवर तंजावरी शब्दांच्या याद्या होतात, आजीच्या पाककृती लिहून ठेवल्या जातात. पुष्कळदा त्या रोमन लिपीत नाहीतर तमिळ लिपीत असतात. आपल्याकडच्या कोणी लगेच शुद्धलेखन तपासायला जाऊ नये, अशी माझी विनंती आहे! त्यांचं मराठी आपल्या मराठीची बिघडलेली आवृत्ती नव्हे. आपण सोडून दिलेले शब्द त्यांनी वापरात ठेवले, आणि आपल्याला जे घ्यावे लागले नाहीत असे तमिळ आणि कानडी शब्द त्यात घेतले. आपल्या प्रमाण मराठीच्या घडणीत त्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं, मग त्या मापानं त्यांना का मोजायचं?

आणि त्यांना मराठी होण्यासाठी तमिळपण सोडावं लागतं, हाही एक गैरसमजच. शाळेच्या पुस्तकातला राजराज चोळ त्या मुलीचाही आहे. पोंगल तिचा आहे, कावेरी तर आहेच. रस्त्यावर कोणी शिवी हासडली तर उलटून द्यायला तिला तमिळच सुचते. राग कुठल्या भाषेत येतो यावरून माणसाची मातृभाषा ओळखायची म्हटली, तर तंजावरातली अर्धी मराठी घरं तमिळ ठरतील. पण देवापुढे पुटपुटताना, झोपलेल्या बाळाला थोपटताना ती मराठीवर येतात, त्याचं काय?

आजी आणि नात मिळून

लिपीचा प्रश्न मात्र खरा आहे. तमिळनाडूत १९६८ पासून सरकारी शाळांमध्ये तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा शिकवल्या जातात. त्यामुळे तिथल्या मराठी घरांतल्या पुष्कळांना मराठी बोलता येतं, पण देवनागरी वाचता येत नाही. आजीला मराठी येतं, वाचायला मात्र तमिळच. नात केंद्रीय बोर्डाच्या शाळेत असेल किंवा दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांना बसली असेल, तर देवनागरी तिला येते, पण दोनशे वर्षांपूर्वीचे मराठी शब्द तिच्या ओळखीचे नसतात.

म्हणून बृहदीश्वराच्या त्या भिंतीपाशी एकट्यानं जाऊ नये, दोघींनी जावं. सकाळी लवकर, फरशी तापायच्या आत, कारण चपला बाहेर काढाव्या लागतात. गणपतीच्या देवळाकडून सुरुवात करावी. अक्षरं बारीक आहेत, काही ठिकाणी झिजलीही आहेत. नातीनं बोट धरून एकेक अक्षर लावावं आणि मोठ्यानं वाचावं. आजीनं ऐकावं, आणि मधे कुठे अडलं तर थांबवून सांगावं, ‘‘अगं, हे आपण घरी म्हणतो की! परत वाच बघू.’’